पाणीदादांचे पाय

९ सप्टेंबर, मंगळवार

मी प्रसिद्ध झाले! तोंड लपवायला जागा नाही इतकी.

मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरच्या चष्मिशने मला जिन्याखाली ओढलं आणि मोबाईल पुढे धरला. (शाळेत बंदी आहे, ती डब्याच्या पिशवीत लपवून आणते.) त्यात मी! चौकातल्या, म्हणजे सर्कलच्या, पुतळ्याच्या पायरीवर बसलेली, केस पिंजारलेले, तोंडात अर्धं बिस्किट. मागच्या आठवड्यात बसची वाट बघताना तो चॅनेलवाला मुलगा आला होता, त्याचंच हे काम. त्याने विचारलं होतं, हा पुतळा कुणाचा? मी खरं ते सांगितलं – "माहीत नाही. पण सावली छान पडते याची."

तेवढंच ठेवलंय. मागे रडकं संगीत, आणि वर मोठ्या अक्षरांत – "हीच का आपली उद्याची पिढी?"

शेजारी चष्मिशसुद्धा बसली होती. ती म्हणाली होती, "कुणीतरी मोठा माणूस." तिला कापून टाकलं. थोडं कमी खरं बोललं की वाचतो माणूस!

खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. वाचायला नको होत्या. एकाने लिहिलंय, हिला त्याच पायरीवर दिवसभर उभी करा. त्याला खूप जणांनी अंगठा दिलाय.

१० सप्टेंबर, बुधवार

मोठ्या आत्याचा फोन. "अगं, आमच्या इमारतीत सगळ्यांनी पाहिलं. मी सांगितलंच नाही माझी भाची म्हणून." उपकारच झाले.

आई औषधांच्या दुकानात काउंटरला असते. तिथे एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घेता घेता म्हणालं, "ती पुतळ्यावाली मुलगी तुमचीच ना?" आईने सुट्टे पैसे काउंटरवर आपटले म्हणे. घरी आल्यावर मला मात्र काही बोलली नाही, फक्त भांडी जरा जोरात घासली.

बाबा बोलले. बोलले कसले, गरजले! बाबा नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात मुकादम आहेत. खड्डे, गटारं, पाट्या, कठडे, सगळं त्यांच्या टोळीकडे. एरवी ते आमच्यावर आवाज चढवत नाहीत, दिवसभर रोलरशी ओरडून झालेलं असतं. आज मात्र चेहरा लाल. "पाणीदादा कोण ते तुला माहीत नाही? ज्याच्यामुळे घरात नळ आला त्याचं नाव माहीत नाही? तिथे बसायला कुणी सांगितलं होतं? परत त्या पुतळ्याजवळ फिरकायचं नाही! कळलं?"

मी म्हटलं, "बाबा, सगळे बसतात तिथे."

"सगळे बसू देत. तू नाही."

मला रडू आलं. नाव माहीत नसणं एवढं मोठं पाप आहे? सगळे त्या जागेला सर्कल म्हणतात. बसचा कंडक्टर सर्कल म्हणतो. बाबासुद्धा सर्कलच म्हणतात! पुतळ्याखाली नाव नाही, चौथऱ्यावर नुसती चार भोकं आहेत. मी काय स्वप्नात बघायचं?

११ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. आत पाणीदादा स्मारक समितीचे अध्यक्ष बसले होते. गावात कुठलाही कार्यक्रम असो, यांच्या हातात माइक असतोच, म्हणून पोरं त्यांना माइककाका म्हणतात. आज माइक नव्हता तरी आवाज तसाच.

"मुली, आमचा तुझ्यावर राग नाही." असं म्हटलं की समजायचं, आता सोलणार. एकवीस तारखेला पाणीदादांची पुण्यतिथी. सगळं गाव जमतं. त्या दिवशी मी मंचावर उभं राहून जाहीर माफी मागायची, पाणीदादांचं चरित्र तोंडपाठ सांगायचं आणि शेवटी त्यांचे पाय धुवायचे. पाय धुण्याचा मान दर वर्षी अध्यक्षांचा असतो. या वर्षी माझा. म्हणजे शिक्षाही मोठी आणि मानही मोठा, दोन्ही एकातच!

मी विचारलं, "आणि नाही केलं तर?"

मोठ्या बाईंनी खिडकीकडे बघत सांगितलं – तोवर वर्गात बसायचं नाही, आणि वर्षअखेरच्या परीक्षेला शाळा माझं नाव पाठवणार नाही. शाळेची इमारत समितीने बांधून दिली आहे, त्यामुळे बाई तरी काय करणार. पण निदान माझ्याकडे बघून तरी सांगायचं.

परीक्षा हुकली तर सगळं वर्ष गेलं. चष्मिश पुढे जाईल आणि मी खालच्या वर्गातल्या चिल्ल्यापिल्ल्यांत बसेन. "ही ती पुतळ्यावाली!" नको.

मागेन माफी. जिभेला काय हाड असतं?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घरीच. बाबा जेवताना माझ्याकडे बघत नाहीत. एवढा राग?

१३ सप्टेंबर, शनिवार

आज ठरवलं, मला माहीत नाही ना, मग ज्यांना माहीत आहे त्यांना विचारावं. सकाळी आईबरोबर दुकानात गेले आणि येईल त्याला विचारलं, पाणीदादा कोण?

दुकानाचे मालक – "फार मोठा माणूस. असे लोक आता होत नाहीत." म्हणजे काय केलं त्यांनी? "अरे, काय केलं नाही ते विचार!"

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजी – "पहिलवान होते. एका हाताने विहिरीचा रहाट फिरवायचे."

बँकेतले साहेब – "धरण बांधलं ना त्यांनी. इंजिनियर होते." धरण कुठलं? आमच्याकडे धरण नाहीच!

मोठी आत्या फोनवर – "अगं, ते नाही का, आपले हे..." आणि मग तिच्या गॅसवर काहीतरी करपलं.

आईला विचारलं. आई बराच वेळ गोळ्यांच्या पट्ट्या लावत राहिली. मग म्हणाली, "शाळेत होतं गं आम्हाला. पाणी आणलं त्यांनी." कुठून? "ते नाही आठवत."

मी खो खो हसले. आई आधी चिडली, मग तीही हसायला लागली. व्हिडिओ आल्यापासून पहिल्यांदा हसलो आम्ही. घरोघरी मातीच्या चुली! फक्त माझ्याच चुलीसमोर कॅमेरा आला.

संध्याकाळी इतिहासाचे सर येऊन समितीची चरित्राची पुस्तिका देऊन गेले. माफीचा मजकूरही दिला, समितीने लिहून दिलेला. "मी एक अज्ञानी बालिका, या पवित्र चरणांशी नतमस्तक होऊन..." बालिका! मी सरांना म्हटलं, हे वाचताना मला हसू येईल. सर हसले नाहीत. म्हणाले, "वाच आणि मोकळी हो. वाद घालू नकोस." हे तेच सर, जे वर्गात म्हणतात, प्रश्न विचारा रे पोरांनो!

१४ सप्टेंबर, रविवार

पुस्तिका वाचली. कंटाळत सुरू केली आणि मग खाली ठेववेना.

पाणीदादा पहिलवान नव्हते आणि इंजिनियरही नव्हते. गिरणीत तेलपाणी करायचे, यंत्रांना तेल घालणारे. गावाचा झरा गिरणीच्या आवारात होता. गिरणीचे शेटजी, त्यांनी झऱ्याला भिंत घातली, फाटक लावलं, कुलूप लावलं. पाणी गिरणीला, गाव तहानलेलं. एका उन्हाळ्यात पाण्याच्या रांगेत एक बाळंतीण चक्कर येऊन पडली ती उठलीच नाही. ती पाणीदादांची धाकटी बहीण. त्या दिवशी त्यांनी पायातल्या चपला गिरणीच्या फाटकासमोर काढून ठेवल्या आणि म्हणाले, शेवटच्या घरात पाणी पोचेल तेव्हाच पायात घालीन. मग रिकामी भांडी घेऊन सगळं गाव त्यांच्यामागे फाटकाशी उभं राहिलं. रोज. शेटजींनी माणसं घालून मारलं, तरी उभं राहिलं. शेवटी भिंत पडली. पण नळ सगळ्या घरांत पोचायच्या आत पाणीदादा गेले. अनवाणीच गेले. लोकांनी त्यांचे पाय धुतले, भेगाळलेले, काट्यांनी भरलेले. म्हणून पुण्यतिथीला पुतळ्याचे पाय धुतात.

मला हे कुणी कधी असं सांगितलंच नव्हतं! चौथीत एक ओळ होती, "पाणीदादांनी गावात पाणी आणले." गाळलेल्या जागेत "पाणी" भरायचं, एक गुण. मी भरलं असणार आणि विसरले असणार.

माझी मलाच लाज वाटली. व्हिडिओची नाही, खरी.

दुपारी बाबांचा हुकूम मोडून सर्कलला गेले. म्हटलं, ज्यांची माफी मागायची त्यांच्यासमोर एकदा पाठ म्हणून बघू. नेहमीच्या पायरीवर बसले, पाठ टेकायला वळले, आणि तिथे ते नेहमीचे बूट. मी त्या बुटांना ओळखते. जाड तळव्याचे, घोट्याच्या वरपर्यंत नाड्या. डाव्या बुटाची नाडी सुटलेली दाखवलीय. चष्मिश आणि मी तिला नेहमी हसायचो, मूर्तिकाराची बायको बांधायला विसरली म्हणून.

मी पाठ म्हणत होते – "पाणीदादा अखेरपर्यंत अनवाणी राहिले."

आणि बूट माझ्या नाकासमोर.

१५ सप्टेंबर, सोमवार

झोपच नीट लागली नाही. सकाळी शाळा भरायच्या आधी फाटकाबाहेर सरांना गाठलं. म्हटलं, सर, पुतळ्याच्या पायात बूट आहेत.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग परत काढला. "मूर्तिकाराची चूक असेल."

"सर, एवढी? अनवाणी माणसाला बूट?"

"तू पाठांतर कुठवर आणलंस?"

"सर, पण बूट..."

"हे बघ. तुझं वर्ष महत्त्वाचं आहे. पुतळे कुठे पळून जात नाहीत." आणि सायकल रेटत निघून गेले. सर कधी एवढे भरभर चालत नाहीत.

मला वाटलं, मलाच वेड लागलंय. चष्मिशला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांब. गिरणीतही एक पुतळा आहे ना? शेटजींचा. माझा काका आधी तिथे पहारेकरी होता. तो म्हणायचा, रस्ता रुंद करताना चौकातला आणि गिरणीच्या फाटकाबाहेरचा, दोन्ही पुतळे उचलले होते. आपण तेव्हा अंगठा चोखत असू."

उद्या जाऊ म्हणाली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गिरणी कधीची बंद आहे. फाटकाला साखळी, आत कमरेएवढं गवत. शेटजींची माणसं गाव सोडून गेली, आता नुसती पाटी उरलीय. आम्ही मागच्या बाजूने, भिंतीच्या विटा निसटल्यात तिथून आत शिरलो. चष्मिशच्या ओढणीचा काठ फाटला. कुत्रं भुंकलं तेव्हा वाटलं, संपलं! आणखी एक व्हिडिओ होणार.

पुतळा कार्यालयाच्या दारासमोर आहे. चौथऱ्यावर पितळी पाटी, "शेटजी", पुढे पदव्यांची रांग. वरून वेल खाली आलेत, तोंड नीट दिसत नाही. आपल्या पुतळ्यासारखाच लांब कोट, तशाच मिशा, तसाच वर केलेला हात. एकाच मूर्तिकाराने केले असतील.

मी वेल बाजूला केले. पाय दिसले.

अनवाणी. बोटं फाकलेली, टाचेला भेगा. मूर्तिकाराने एकेक भेग कोरलीय! अंगठ्याचं नख तुटकं. एवढं मन लावून कुणी शेटजींचे पाय करत नाही.

चष्मिश म्हणाली, "अगं बाई." ज्या गिरणीच्या फाटकासमोर चपला काढल्या, त्याच फाटकाच्या आत त्यांना कोंडलंय, वर शेटजींचं नाव लावून. आणि चौकात शेटजी उभे राहून दर वर्षी पाय धुवून घेतायत, बुटांसकट!

मी पायांवरची माती ओढणीने पुसली. जमेल तेवढी.

१७ सप्टेंबर, बुधवार

बाबांचा डबा घेऊन मी दुपारी नगरपालिकेच्या गोदामात गेले. रोज आई देते, आज मी मागून घेतला. बाबा डांबराच्या पिंपांच्या मागे सावलीत एकटे बसले होते. म्हटलं, आधी जेवू द्यावं. पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! डबा उघडायच्या आत विचारलं – "बाबा, रस्ता रुंद केला तेव्हा पुतळे कुणी बसवले?"

बाबांचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. विचारायची गरजच नव्हती, चेहऱ्यावर सगळं होतं.

बाबांनीच. त्यांची टोळी.

दोन्ही पुतळे ताडपत्रीत गुंडाळून याच गोदामात आडवे ठेवले होते. ताडपत्रीवर खडूने खुणा केल्या होत्या. छप्पर गळायचं, खुणा धुऊन गेल्या. मग वरून निरोप आला, उद्या सकाळी उद्घाटन, बसवा. बाबांनी दोन्हींची तोंडं उघडून बघितली. दोन्हींना मिशा, दोन्हींना कोट. "मी म्हटलं, हा. क्रेनवाला म्हणाला, नक्की? मी म्हटलं, नक्की." पाय बघायचं सुचलं नाही. ताडपत्री पायांकडून बांधलेली होती आणि घाई होती.

"मग सकाळी पाहुण्यांनी दोरी ओढली. कापड आधी तोंडावरून खाली आलं, मग कोटावरून, मग..." बाबांनी डबा बाजूला सारला. "बूट दिसले गं. वाटलं, आता कुणीतरी ओरडणार. सगळे टाळ्या वाजवत होते. मी वाट बघितली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी. कुणीच काही म्हणालं नाही. मग पुण्यतिथी आली, पाय धुतले, तेव्हाही नाही. मग मीही..."

"आणि पाटी?"

बाबांनी मानेनेच दाखवलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या मागे भिंतीला टेकून पितळी पाटी उभी होती. "पाणीदादा." नाव धुळीने झाकलेलं. पाटी लावायला बाबा गेले होते, तर कार्यालयातून निरोप आला, पाटी तूर्त राहू द्या. ती तशीच राहिली. बाबांना वाटलं, देवच पावला.

आणि मग माझा राग! मी केवढ्याने ओरडले माहीत नाही, पण पलीकडे पिंप रंगवणारा माणूस उठून बाहेर गेला. "तुम्ही मला बोललात! पाणीदादा कोण माहीत नाही म्हणून! तो पुतळा पाणीदादांचा नाहीच आणि ते एकट्या तुम्हाला माहीत होतं! माझं उत्तर बरोबर होतं!"

"घाबरून बोललो गं," बाबा म्हणाले. "कॅमेरा त्या पायरीवर आला आणि तिथे तू बसलेली. मला वाटलं, आता मागचे बूट कुणीतरी बघणार."

डबा तसाच राहिला. मी घरी आले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आईला कळलं. बाबांनीच सांगितलं असणार. ती माझ्यापेक्षा जास्त चिडली, पण भलत्याच गोष्टीवर. "एवढी वर्षं माझ्यापासून लपवलंत? मी दर वर्षी त्या मेल्याला हात जोडत होते!"

मग शांत झाली आणि मला म्हणाली, "तू आता गप्प बस. अळीमिळी गुपचिळी. चौकशी लागली तर यांना घरी बसवतील, वर गावात तोंड दाखवता येणार नाही. तुझ्या एका व्हिडिओने आपलं काय झालं ते बघितलंस ना? ही तर मोठ्यांची चूक. मोठ्यांच्या चुकीला माफी नसते."

मी म्हटलं, "आणि पाणीदादा?"

आई म्हणाली, "ते गेलेत गं. आपल्याला इथेच राहायचंय."

मला तिचं पटलं नाही. खोटंही वाटलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सर्कलला रंगीत तालीम. मंडप, खुर्च्या, माइक. अध्यक्षांनी मला मंचावर कुठे उभं राहायचं, कुठे थांबायचं, "बालिका" शब्दावर आवाज कसा खाली आणायचा, ते सगळं दाखवलं. "डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम. नाही आलं तरी चालेल."

पाय मला बघूच दिले नाहीत. मंचाच्या मागून पुतळ्यापर्यंत लाकडी पायऱ्या केल्यात. पाय झेंडूच्या राशीत गुडघ्यापर्यंत बुडलेले असतात म्हणे, वरून पाणी ओतायचं, खाली वाहून जातं. पाण्याचं भांडं हातात देण्याचं काम बाबांच्या टोळीकडे. स्वतः बाबा देणार आहेत. अध्यक्ष म्हणाले, "वडिलांच्या हातून भांडं, लेकीच्या हातून पाणी! लोकांच्या मनाला भिडेल."

बाबा खुर्च्या मांडत होते. त्यांनी ऐकलं. खुर्ची हातातच राहिली.

२० सप्टेंबर, शनिवार

खूप विचार केला. तीन वाटा दिसतात. गप्प राहून बूट धुवायचे, ते मला जमणार नाही. माइकवर सगळं सांगायचं, तर बाबांची नोकरी जाईल. "कुणी बसवला होता?" हा पहिला प्रश्न येईल. ज्यांना पाणीदादांनी काय केलं ते आठवत नाही, त्यांना क्रेनवर कोण होतं ते बरोबर आठवेल.

मग तिसरी वाट सुचली. अध्यक्षांना हळूच सांगायचं. पाय धुताना तेच शेजारी असतात, भांडं द्यायला बाबा, बाकी कुणी नसतं. फुलांत हात घालून दाखवायचं, काका, हे बूट आहेत. ते दर वर्षी वरून पाणी ओततात, खाली कोण बघतं? त्यांना माहीतच नसणार! माणूस बडबड्या आहे, पण पाणीदादांसाठी जीव टाकतो. पुस्तिका त्यांनीच लिहिलीय. बहिणीबद्दल जे लिहिलंय ते खोट्या माणसाला लिहिता येणार नाही, मी ते वाचताना रडले होते. त्यांना कळलं की ते हादरतील. मग समितीच ठरवेल, गाजावाजा न करता, दुरुस्तीच्या नावाखाली पुतळे बदलतील. बाबांचं नाव निघायचं कारण नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सांग. जे व्हायचं ते होऊ दे. मलाही आता ओझं होतंय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. व्हिडिओ आल्यापासून पहिल्यांदा.

चरित्र आरशासमोर म्हणून बघितलं. एकही चूक नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

झालं. परीक्षेला बसता येईल. मोठ्या बाईंनी मंचावरच जाहीर केलं.

लोक म्हणतात, फार छान बोललीस. चॅनेलवाला परत आला होता. आत्याचा फोन आला, इमारतीत सगळ्यांना सांगितलं म्हणाली.

बाकीचं आज लिहवत नाही. बाबा जेवले नाहीत.

२२ सप्टेंबर, सोमवार

काल मी फुलांत हात घातला, बुटाची सुटलेली नाडी अध्यक्षांना दाखवली आणि म्हटलं, "काका, हे पाणीदादा नाहीत." ते लोकांकडे बघून हसत होते. तसंच हसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माहीत आहे गं. समितीत सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या सरांनाही. ओत."

मी ओतलं. बाबांनी रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं.